झाड पडून फुटलेलं छप्पर दुरुस्त केलं, तरी पुन्हा गळतंय: दोष कुठे शोधायचा

वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी छपरावर येते. वीस-पंचवीस कौलं फुटतात, तीन-चार रिपा (कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्या) मोडतात. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून फुटकी कौलं काढतात, नवी बसवतात. जूनच्या पहिल्या झडीत त्याच जागेखाली थेंब सुरू होतो. पुन्हा माणूस, पुन्हा चार कौलं. जुलैत गळती परत येते आणि या खेपेला दोन हात खाली सरकलेली असते. खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात आणि बेळगावच्या जुन्या कौलारू गल्ल्यांत ही तक्रार दरसाल ऐकू येते.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. फुटलेली कौलं डोळ्यांना दिसतात म्हणून तेवढीच बदलली जातात, पण मार बसलेला असतो तो सांगाड्याला. वासा (रिपांना धरणारा उतरता लाकडी दांडा) चिरलेला असतो, आढं (छपराच्या माथ्याची आडवी तुळई) इंचभर बसलेलं असतं, रिपांची ओळ वाकडी झालेली असते. मंगळुरी कौल शेजारच्या कौलाच्या खाचेत अडकून पाणी अडवतं. खालची रीप अर्धा इंच जरी बसली तरी ती खाच उघडी पडते, मग कौल नवं असो की जुनं. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा धरायचा: आधी सांगाडा, मग रिपा, शेवटी कौलं.

वजनाचा अंदाज असला की हे पटतं. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली आंब्याची फांदी २०० किलोच्या आसपास भरते. ती वरून आदळते तेव्हा धक्का त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय कौलारू छपराचं स्वतःचं ओझं काही कमी नाही. शंभर चौरस फुटाला सुमारे १५० कौलं लागतात, एकेक अडीच-तीन किलोचं. म्हणजे चारशे किलो नुसती कौलं, आणि पावसात ती पाणी पिऊन आणखी जड होतात. चिरलेला वासा उन्हाळ्यात तग धरतो आणि आषाढात वाकतो, तो यामुळेच.

छपराला हात लावण्याआधी

झाड पडलं की सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी तार, हमखास फांदीखाली सापडते. वीज गेलेली आहे म्हणून तार मेली असं धरू नका. लाईन कधीही परत चालू होते. मेन स्विच बंद करा, १९१२ वर कळवा आणि गावच्या लाईनमनने तार सोडवल्याशिवाय फांदीला, ओल्या पत्र्याला किंवा लोखंडी शिडीला हात लावू नका. तार पत्र्याला टेकली असेल तर सगळं छप्पर जिवंत असतं. स्वयंपाकघरावर झाड आलं असेल तर गॅसचा सिलिंडर बाहेर काढा.

मग फोटो. पालापाचोळा साफ करण्याआधी चारी बाजूंनी, आतून वर बघत, आणि घराचा दर्शनी भाग एकदा पूर्ण दिसेल असे फोटो काढा. ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्राम लेखापाल), म्हणजे आपल्या बोलीत तलाठ्यांकडे, लगेच कळवा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषात अंशतः नुकसानीच्या मदतीसाठी घराचं किमान १५ टक्के नुकसान झालेलं असावं लागतं. कौलं बदलून झाल्यावर पंचनामा झाला तर ते १५ टक्के दाखवायला काही उरत नाही. कर्नाटकातल्या कचेरीत अर्ज कन्नडमधून दिलेला बरा. विषयात 'मने हानी' (घराचं नुकसान) असं स्पष्ट लिहून घ्या, सोबत घराचा उतारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. चिरलेले वासे, कललेली भिंत आणि फुटलेली कौलं ही तिन्ही पंचनाम्यात वेगवेगळी लिहायला सांगा. नुसतं 'कौलं फुटली' असं लिहिलं की नुकसान आहे त्यापेक्षा लहान दिसतं.

झाड उतरवताना होणारी दुसरी मोडतोड

छपराचं नुकसान झाड पडताना होतं तसंच ते काढतानाही होतं. फांदी दोराने बांधून पाखीवरून (छपराच्या उतरत्या बाजूवरून) खाली ओढली की वाटेतली धड कौलंही जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे कौलांच्या खालची टाच तुटते. ही टाच म्हणजे कौलाच्या पाठीवरचा बोटाएवढा उंचवटा. तोच रिपेला अडकून कौलाला धरून ठेवतो. टाच तुटलेलं कौल वरून धडधाकट दिसतं, चार-सहा महिने जागेवर राहतं आणि एका वाऱ्याच्या रात्री खाली सरकतं. 'काही झालं नव्हतं तिथून गळायला लागलं' अशी तक्रार असली की आधी टाच बघा.

कापण्याआधी घरात टेके लावा. ज्या वाशांवर भार आला आहे त्यांच्या खाली आडवी फळी, फळीखाली दोन-तीन उभे बांबू किंवा लोखंडी प्रॉप, आणि जमिनीवर बुडाखाली पुन्हा फळी. शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीत बुडाखाली फळी दिली नाही तर टेका आत रुततो आणि त्याचा उपयोग शून्य. टेका फक्त घट्ट बसवा, वर रेटू नका; भार वर असताना रेटलं तर चिरलेला वासा तिथेच तुटतो.

मग शेंड्याकडून बुंध्याकडे या. भार न घेतलेल्या बारीक फांद्या आधी, जाड फांद्या दोन-तीन फुटांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा कापण्याआधी दोराने बांधून. वाकून ताणलेली फांदी एका झटक्यात कापू नका. आधी दाबलेल्या, म्हणजे वाकाच्या आतल्या बाजूने तिसरा हिस्सा कापा, मग ताणलेल्या बाजूने. उलटं केलं तर फांदी उभी फाटते आणि उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येते.

झाड मुळासकट उपटून पडलं असेल तर मुळांच्या खड्ड्याजवळ एकही माणूस, विशेषतः पोरं, उभी राहू देऊ नका. बुंधा कापला की वरचं ओझं जातं आणि मातीसकट मुळांचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. यात माणसं दगावतात.

साग, शिसम, चंदन असेल तर ते स्वतःच्या परड्यातलं असलं तरी लाकूड हलवण्याआधी वन खात्याच्या कचेरीत कळवून परवाना घ्या. छपरावरून बाजूला काढून ठेवणं वेगळं आणि टेम्पोत घालून सॉ मिलला नेणं वेगळं.

ताडपत्री

चालू पावसात पक्कं काम करायला घेऊ नका. चांगली जाड ताडपत्री घ्या, २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) खालची लवकर फाटते. ती फक्त भोकावर टाकून उपयोग नाही. आढं ओलांडून पलीकडच्या पाखीवर किमान तीन फूट गेली पाहिजे, नाहीतर पाणी ताडपत्रीच्या वरच्या काठाखालूनच आत शिरतं. खालचा काठ वळचणीच्या बाहेर सोडा. काठ एका रिपेभोवती दोन वेढे गुंडाळून ती रीप वाशाला खिळ्यांनी ठोका. नुसते दगड ठेवले तर वाऱ्याने ताडपत्री फडफडते आणि दगडच खालची कौलं फोडतात. मोडलेल्या रिपांच्या जागी तात्पुरत्या फळ्या द्या, नाहीतर ताडपत्रीला पोट सुटतं आणि त्यात साठलेल्या पाण्याचं वजन पुन्हा त्याच दुखऱ्या वाशांवर येतं.

सांगाडा तपासणं: इथे दोन तास द्या

मार बसलेल्या जागेवरची आणि तिच्या भोवतीची चार-चार फुटांची कौलं उतरवा. खाली तक्तपोशी (आतून ठोकलेलं फळ्यांचं छत) असेल तर दोन-तीन फळ्या काढा. तक्तपोशीमागे लपलेला चिरका वासा हाच पुढच्या वर्षीच्या गळतीचा धनी असतो.

चुलीच्या धुराने काळवंडलेल्या घरात तपासणी सोपी जाते. काळ्या वाशावर ताजी चीर पिवळसर, केसाएवढ्या रेघेसारखी उठून दिसते. जुनी उन्हाची भेग आतूनही काळी असते, तिची काळजी नको. ताजी चीर वाशाच्या खालच्या अंगाला, मधोमध, आडवी-तिरकी गेली असेल तर त्या वाशाला जोड द्यावा लागेल किंवा तो बदलावा लागेल. धूर नसलेल्या घरात टॉर्च वाशाला समांतर धरा. समोरून मारलेल्या उजेडात चीर दिसत नाही, बाजूने मारलेल्या उजेडात तिची सावली पडते. संशय आला तर हातोडीने टोका. धड लाकूड टणक वाजतं, चिरलेलं फुटक्या माठासारखं बद्द.

मग दोरी. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवंड्याची दोरी ताणा आणि दर तीन फुटांवर आढं आणि दोरी यांतलं अंतर मोजा. जुन्या घराचं आढं थोडं बसलेलं असतंच, म्हणून एकट्या मापावर जाऊ नका. मार बसलेल्या भागातच अंतर एकदम वाढलं असेल तर तो धक्का. दहा फुटांत इंचापेक्षा जास्त नवी बसण असेल तर आढं जॅक लावून उचलल्याशिवाय कौलं चढवू नका. तशीच दोरी वाशांच्या पाठीवरून, वळचणीपासून एक हात वर आणि पुन्हा मध्यावर धरा. जो वासा दोरीपासून अर्ध्या इंचाहून जास्त खाली आहे, त्याच्यावरची खाच उघडी राहणार.

तिसरी तपासणी भिंतीच्या माथ्याची, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. वासे ज्या लाकडी पाटीवर टेकतात ती पाटी बाहेर सरकली आहे का? पाटीखाली गिलाव्यात ताजी आडवी भेग आहे का? आढ्यावर वरून दणका बसला की वासे खालच्या टोकाला बाहेर रेटतात आणि मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीचा माथा ढकलला जातो. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून बघा. भिंत वरच्या बाजूला बाहेर कलली असेल तर समोरासमोरच्या दोन पाट्या आडव्या तुळईने किंवा १२ मिमीच्या लोखंडी सळईने बांधून घ्याव्या लागतात. ते न करता कौलं चढवली तर छप्पर दरवर्षी थोडं थोडं पसरत जातं आणि गळती कधीच एका जागी सापडत नाही.

चिरलेल्या वाशाचं काय करायचं

चीर मधल्या भागात असेल आणि खोली निम्म्यापेक्षा कमी गेली असेल तर वासा काढायची गरज नाही, त्याला जोड द्या. जोडाची फळी वाशाच्याच उंचीची, चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन फूट जाईल एवढी. १२ मिमीचे बोल्ट, चिरेच्या प्रत्येक बाजूला तीन, वर-खाली नागमोडी, दोन्हीकडे मोठे वायसर घालून. नुसत्या खिळ्यांवर जोड टिकत नाही. छपराचं ओझं रोज थोडं हलतं, उन्हात-पावसात लाकूड फुगतं-आटतं आणि खिळे सैल होतात. बोल्ट कसण्याआधी टेक्याने वासा दोरीत आणा. वाकलेल्या स्थितीत जोड दिला तर वाक कायमचा पक्का होतो.

चीर खालच्या टोकाला, पाटीवर टेकते तिथे किंवा आढ्याच्या खाचेत असेल तर जोड देऊ नका, पूर्ण वासा बदला.

आता एक चूक, जी आपल्याकडे फार होते: पडलेल्या झाडाचंच लाकूड कापून लगेच वासे करणं. हिशेब सोपा वाटतो, झाड घरचं, मिल शेजारच्या गावात. पण ओलं लाकूड छपरावर चढल्यावर वाळतं, वाळताना आटतं आणि पीळ घेतं. तीन महिन्यांत रिपांचे खिळे वर येतात आणि कौलांची ओळ लाटेसारखी होते. आंबा तर वाशाला घालूच नये. त्याला भुंगेरा आणि वाळवी लवकर लागते. पडलेलं झाड साग किंवा मत्ती (ऐन) असेल तर चिरून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात वापरा. आत्ताच्या दुरुस्तीला जुनं, सुकलेलं लाकूड आणा. पाडलेल्या जुन्या घराचे सागवानी वासे मिळाले तर त्याहून बरं काही नाही. नवं लाकूड नकोच असेल तर चौकोनी लोखंडी पाईप चालतो, पण शेजारच्या लाकडी वाशांच्या पाठीशी तो तंतोतंत एका पातळीत बसवा.

रिपा: माप कौलावरून काढा

रिपांमधलं अंतर साडेबारा इंच असं तोंडपाठ सांगितलं जातं. ते साधारण बरोबर आहे, पण कौलाचा छाप बदलला की पाऊण इंचाचा फरक पडतो. अंगणात सपाट जागेवर अकरा कौलं एका ओळीत, एकमेकांत अडकवून मांडा. ओळ जितकी ताणता येईल तितकी ताणून पहिल्या कौलाच्या टाचेपासून अकराव्याच्या टाचेपर्यंत मोजा. मग ओळ पूर्ण दाबून तेच मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. आलेलं उत्तर हे तुमच्या रिपांचं अंतर. त्या मापाची एक काठी कापून घ्या आणि प्रत्येक रीप काठी लावूनच ठोका. फुटपट्टीने मोजत गेलं की दर ओळीला थोडी चूक जमा होते आणि आढ्याजवळ शेवटच्या ओळीला कौल पुरत नाही.

रीप दोन इंच रुंद, एक इंच जाड, किमान तीन वाशांवर टेकणारी. रिपेचा सांधा वाशावरच यावा, अधांतरी नको, आणि लागोपाठच्या ओळींचे सांधे एकाच वाशावर घेऊ नका. खिळे अडीच इंची, टोकाला फट पडत असेल तर आधी भोक पाडून.

कौलं: एका पाखीवर एकच छाप

कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं लांबी-रुंदीत जवळपास सारखी दिसतात, पण खाचेची खोली आणि काठाची जाडी जुळत नाही. एक कौल दोन-तीन मिलिमीटर वर उचलून बसतं आणि वाऱ्याचा पाऊस तिथून आत शिरतो. पन्नास वर्षांच्या जुन्या पाखीत मध्येच नवी कौलं घातली तर गळती ठरलेलीच.

जुन्या छापाची कौलं बाजारात मिळत नसतील तर दोन्ही पाखी मिळून हिशेब करा. मागच्या पाखीवरची धड जुनी कौलं उतरवून पुढची पाखी पूर्ण करा आणि मागच्या पाखीवर सलग नवी घाला. काम एक दिवस वाढतं, पण जुन्या-नव्याचा सांधा पाखीत कुठेच उरत नाही. एवढं जमत नसेल तर निदान नवी कौलं वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग उभ्या पट्ट्यात घ्या, ठिगळासारखी मध्ये नकोत.

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर टाका. मग टाच बघा, मग खाचेतलं शेवाळ आणि माती तारेच्या ब्रशने काढा. खाच म्हणजे पाण्याची गटार. ती तुंबली की पाणी काठावरून आत सांडतं.

मांडताना वळचणीची पहिली ओळ दोरीत. तीच वाकडी गेली तर वरच्या सगळ्या वाकड्या जातात. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक ओळ आणि दोन्ही बाजूंचे काठ तारेने रिपेला बांधा. वारा याच कडांतून आत शिरून कौलं उचलतो.

तीन गोष्टी करू नका. कौलांच्या सांध्यात सिमेंट भरू नका: बरं वाटतं, पण त्याने खाच बुजते, पाणी तुंबतं आणि छप्पर हललं की सिमेंटच कौलाचा काठ तोडतं. भेगेवर डांबर किंवा एम-सील लावून ते कौल कायमचं ठेवू नका; एप्रिलच्या उन्हात ते सुटतं. आणि कौल व रीप यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालू नका. गळलेलं पाणी त्याच्यावर रिपेला अडून साठतं आणि दोन-तीन वर्षांत रीप कुजते. कागद घालायचाच असेल तर वाशावर, रिपांच्या खाली, किंचित सैल, आणि त्याचं खालचं टोक वळचणीबाहेर निघालेलं.

आढ्यावरची कौलं चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेली असतात. झाडाचा दणका आढ्याला बसला की तो माल लांबवर तडकतो, अगदी दहा-बारा फूट दूरही. म्हणून मार कुठेही बसलेला असो, आढं पूर्ण लांबीत तपासा. सैल कौलं काढून जुना माल खरवडा, कौलं पाण्यात भिजवा आणि एकास चार मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) बसवा. एकास दोनचा कडक माल लवकर तडकतो. पाच-सहा दिवस ओल ठेवा. मे महिन्यात दुपारी माल भरून तसाच सोडला तर तो पावसाआधीच सुटलेला असतो.

थेंब कुठून येतो ते ओळखणं

थेंब पडतो तिथे वर भोक क्वचितच असतं. पाणी रिपेवरून आडवं आणि वाशावरून खाली वाहत येतं. थेंबाच्या जागेपासून वाशाच्या चढाने वर जा, ओली रेघ जिथे सुरू होते तिथलं कौल बघा.

फक्त पश्चिमेच्या वाऱ्यासोबत गळत असेल तर उतार कमी झाला आहे किंवा खाच उघडी आहे. आपल्याकडच्या पावसाला दर फुटाला सहा-सात इंचांचा चढ हवा. आढं बसलं की तो घटतो. पाऊस सुरू होऊन अर्धा-पाऊण तास गेल्यावर गळायला लागत असेल तर खाचा तुंबल्या आहेत किंवा दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ पाल्याने भरली आहे. पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकत असेल तर पाणी आत कुठेतरी साठतंय, बहुतेक प्लास्टिक कागदावर किंवा तक्तपोशीवर. भिंतीच्या आतल्या अंगाने ओल उतरत असेल तर छपरापेक्षा भिंत आणि छप्पर यांचा सांधा बघा.

पत्र्याची छपरं

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडे कौलांपेक्षा पत्रा जास्त. तिथे पाऊस कमी, पण वळवाचा वारा तेवढाच जोराचा.

सिमेंटचा पत्रा चिरला की बदलायचाच. त्यावर कधीही थेट पाय देऊ नका, धड दिसणाऱ्या पत्र्यावरही नाही. झाडाच्या दणक्याने त्याला न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात आणि माणूस आरपार खाली जातो. खालच्या दोन अँगलांवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) टेकेल अशी रुंद फळी टाकून तिच्यावरूनच चाला. सहा मिमीच्या पत्र्याला अँगलांमधलं अंतर १.४ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. उभ्या सांध्यात एक पूर्ण लाट, आडव्या सांध्यात सहा इंच. भोक लाटेच्या माथ्यावर, बोल्टपेक्षा दोन मिमी मोठं. घट्ट भोकात पत्रा उन्हाने ताणला की तडकतो. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की आयुष्यभराचा त्रास. ग्राइंडर लावू नका, पत्रा ओला करून हाताच्या करवतीने कापा.

लोखंडी किंवा रंगीत पत्र्याला पोचा पडला तर तो ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही. कोटिंग गेलेलं असतं आणि पोच्यात पाणी थांबून तिथेच गंज लागतो. भोक पडलं नसेल तर तो पत्रा काढून गोठ्याच्या बाजूच्या भिंतीला लावा आणि छपरावर नवा घाला. त्याआधी खालची कैची (पत्रा पेलणारा त्रिकोणी लोखंडी सांगाडा) बघा. झाड पत्र्यावर पडलं की कैचीच्या सांध्याचं वेल्डिंग तुटतं आणि रंगाखाली ते दिसत नाही, म्हणून सांध्यावरचा रंग खरवडून बघा. स्क्रू माथ्यावर, रबरी वायसर किंचित फुगेल एवढाच कसा. रबर चिरडलं तर वर्षात गळतं. स्क्रूच्या जुन्या भोकात नवा स्क्रू घालायचा असेल तर तो एक माप मोठा घ्या.

स्लॅबवर झाड पडलं तर कठडा आणि पाण्याची टाकी आधी बघा. स्लॅबला खालून ताजी चीर दिसली तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय वरून वॉटरप्रूफिंग करून ती झाकू नका.

साहित्य किती लागेल

मार बसलेली जागा साठ चौरस फूट धरा, म्हणजे सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब. कौलं ९०, फुटीला धरून १००. रिपा साधारण ६० फूट, कापाकापीला धरून ७० फूट. वासे दीड ते दोन फुटांवर असतील तर या पट्ट्यात तीन-चार येतात. त्यांतले दोन जोडायचे झाले तर जोडाच्या सात फुटी फळ्या दोन आणि १२ मिमीचे बोल्ट बारा. अडीच इंची खिळे एक किलो. आढ्याची कौलं, दहा फूट लांबीला नऊ-दहा. बांधायला बारीक जीआय तार अर्धा किलो. एक सुतार आणि दोन मदतनीस यांना दोन दिवस पुरतात. एका दिवसात उरकतो म्हणणारा माणूस सांगाडा बघणार नाही.

जवळचं दुसरं झाड

पडलेल्या झाडाशेजारचं झाड लगेच तोडायचा मोह होतो. आधी त्याचं बूड बघा. एका बाजूची माती फुगली किंवा भेगाळली असेल, बुंध्यावर भूछत्रं उगवली असतील, झाड नव्याने कललं असेल, तर धोका खरा आहे. ग्रामपंचायत आणि वन खात्याला लेखी कळवून ते काढून घ्या. नसेल तर जानेवारी ते मार्चमध्ये घरावर आलेल्या फांद्या बुंध्याच्या कडेपासून नीट कापा. शेंडा छाटू नका. छाटलेल्या शेंड्यावर येणारे कोंब वरच्यावर चिकटलेले असतात आणि तेच पुढच्या वळवात छपरावर येतात. गुलमोहर आणि शेवगा घराच्या उंचीपेक्षा जवळ नकोतच, त्यांचं लाकूड ठिसूळ. आणि गटारीसाठी किंवा अंगणाच्या फरशीसाठी चर खणताना झाडाची एका बाजूची मुळं तोडू नका. खानापूरकडे जुलैत माती चिखल झाली की असं झाड वाऱ्याविनाही तोडलेल्या मुळांच्या उलट बाजूला पडतं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च आणि खडू घेऊन तासभर छपराखाली थांबा. जिथे ओल दिसेल त्या वाशावर खडूने खूण आणि तारीख टाका, उघडीप मिळताच तेवढीच जागा वरून उघडा. त्याच छापाची वीस-पंचवीस धड कौलं परड्यात, भिंतीला टेकवून उभी रचून ठेवा. आडवी रचली तर खालची ओझ्याने तडकतात.